आठव्या वचनानंतर

चमचा थांबला होता. ध्वनिमुद्रणात सुरुवातीपासून कोणीतरी चहात साखर ढवळत होतं. काचेच्या ग्लासाला चमचा दोनच ठिकाणी लागत होता, म्हणजे ढवळणारा माणूस तो गोल फिरवत नव्हता, नुसता मागेपुढे करत होता. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचला जात होता आणि त्याच्याखालून हा बारीक आवाज चालू होता. मग वाचणारा आठव्या वचनाशी आला. पहाटे येशूच्या थडग्याशी गेलेल्या बायका ते रिकामं पाहून पळत सुटल्या, आणि भीतीपोटी त्यांनी कोणाला काहीच सांगितलं नाही. एवढं वाचून तो थांबला आणि त्याच क्षणी चमचाही थांबला. त्यानंतर बराच वेळ नुसती फितीची खरखर. वदीदा मसूर निवडत होती. एक खडा तिच्या बोटाच्या टोकावर चिकटला होता, तो तसाच राहिला. हे मुद्रण तिने आधी कितीदा तरी ऐकलं होतं, पण चमचा थांबतो हे तिला आज कळलं. पाण्याच्या तपासणीत जन्म गेलेली बाई, काचनळीतल्या रंगाची पुसटशी छटा ओळखणारी, आणि हे आपल्या कानांतून निसटलं कसं, याचं तिला आश्चर्य वाटलं. मग उगाचच अस्वस्थ वाटलं, जणू त्या खोलीत कोणीतरी मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं.

त्या खोलीतली माणसं तिला नात्यातल्यांसारखी झाली होती. फार वर्षांपूर्वी कैरोतल्याच एका चर्चच्या सभागृहात तिघं जण आठवड्यातून एकदा जमून मार्कचं शुभवर्तमान वचनावचनाने वाचत आणि त्यावर वाद घालत. कोणीतरी ते कॅसेटवर टिपलं होतं. एक वृद्ध मठवासी, ज्यांना बाकीचे 'बाबा' म्हणत आणि ज्यांचा श्वास प्रत्येक वाक्याआधी शिट्टीसारखा वाजे. एक डॉक्टर अफाफ, जुन्या ग्रीकच्या प्राध्यापिका, आवाज सिगारेटींनी खरबरीत झालेला. आणि एक तरुण अभ्यासक हिल्मी, जो कागदांची फार सळसळ करत असे. प्रयोगशाळेतल्या एका मुलीने ती सगळी मुद्रणं वदीदाच्या फोनवर घालून दिली होती. निमित्त चर्चमधल्या बायकांच्या बैठकीचं होतं. तिथे तिला मार्कवर चार शब्द बोलायचे होते. ते बोलून झाले, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पण ऐकणं थांबलं नाही. नाताळच्या उपासात आई गेली होती आणि शुब्राच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात नळाखेरीज दुसरा आवाज उरला नव्हता. संध्याकाळी कामावरून आलं की वदीदा इयरफोन कानात घालायची आणि मग कांदा चिरताना, कपडे घडी करताना तिच्या आसपास तीन माणसं भांडत असायची. बाबांना खोकला आला की तिला वाटे, यांना कोणी पाणी का देत नाही. एकदा तर ती मोठ्याने म्हणालीही होती, "बाबा, चहा गार झाला बघा," आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली होती. आता म्हातारे बाबा हयात असणं शक्यच नव्हतं. डॉक्टर अफाफही कदाचित नसेल. पण वदीदाच्या कानात ती रोज म्हणत असे, "हिल्मी, बाळा, शेवटचं पान हरवलं असं म्हटलं की प्रश्न सुटला असं तुला वाटतं. माझ्या घरी रोज चष्मा हरवतो. म्हणून मी असं म्हणते का, की मला दिसतच नव्हतं?"

हिल्मीचं म्हणणं होतं की मार्क आठव्या वचनाशी थांबूच शकत नाही. मेलेला उठला, ही बातमी सांगायला बसलेला माणूस 'त्या भ्यायल्या होत्या' इथे लेखणी ठेवेल? पोथीचं शेवटचं पान सगळ्यात आधी झिजतं, ते गळून गेलं असणार. पुढची वचनं, ज्यांत येशू भेटतो, बोलतो, स्वर्गात जातो, ती नंतर कोणीतरी जोडली. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. श्वास गोळा करून ते म्हणत, "जोडणाऱ्याला दोष देऊ नका रे. त्याच्याच्याने ती शांतता सोसवली नाही." हे वाक्य आलं की वदीदा नेहमी मुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकायची. आज ती ते मागे नेणार इतक्यात दाराची घंटा वाजत असल्याचं तिला जाणवलं, आणि ती बरीच वाजत असावी, कारण पाठोपाठ दारावर थापा पडल्या.

दारात तिची वहिनी मार्सेल होती, तिच्यामागे इमारतीचा रखवालदार आणि आणखी दोघे, आणि जिन्याच्या वळणावर तिरका अडकलेला एक लोखंडी पलंग.

"किती वेळ गं! कानांत ती बोंडं घालून बसतेस, दाराबाहेर माणूस मेला तरी तुला पत्ता लागायचा नाही," मार्सेल धापा टाकत म्हणाली. "सर, सर बाजूला. आईंच्या खोलीत घ्या रे, डाव्या हाताला."

"वहिनी, हे काय?"

"काय म्हणजे? पलंग. डोक्याकडून वर होतो, पायांकडून वर होतो. तुझ्या भावाने दुकानात स्वतः आडवं पडून बघितलं, मग तिथेच घोरायला लागला. मला लाज आणली." ती हसली आणि वदीदाच्या गालाला गाल लावला. "झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, रुश्दीला आणायचं, म्हणजे ईस्टर त्याचा आपल्या घरात होईल. न्हाणीघरात धरायला दांड्या लावाव्या लागतील, त्याला उद्या माणूस येईल. तू काही बघू नकोस. तू नुसती घरात अस."

पलंग दारातून आत येत होता. वदीदा म्हणाली, "भिंतीला घासेल, जरा जपून." तिच्या तोंडून निघालेलं वाक्य एवढंच. मग तिने माणसांना पाणी दिलं. मार्सेलने आईच्या जुन्या गादीवरची चादर काढून घडी केली, ती नाकाशी नेली आणि डोळे पुसले; कारण मार्सेलचं आईवर खरंच प्रेम होतं, आणि आता रुश्दीबद्दल तिला जे वाटत होतं तेही खरं होतं. हीच अडचण होती. या सगळ्यात वाईट माणूस कोणी नव्हतं. ज्याच्याकडे बोट दाखवून ओरडावं असं कोणी नव्हतं.

ती माणसं गेल्यावर वदीदा आईच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. पलंगाला अजून प्लास्टिकचं वेष्टन होतं आणि त्याचा वास खोलीत भरला होता. रुश्दीनेही, तिच्या नवऱ्याने, तिला कधी मारलं नव्हतं. हे वाक्य तिच्या मनात नेहमी असंच, त्याच्या बाजूने बोलल्यासारखं येई. तो पीत नव्हता, दुसरी बाई नव्हती. तो चर्चमध्ये स्तोत्रं गायचा, पांढऱ्या झग्यात वेदीपाशी उभा राहून, आणि तो गायला लागला की मागच्या बाकांवरच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. त्या आवाजावरच तिने लग्नाला होकार दिला होता. घरी मात्र काही बिनसलं की तो बोलायचा थांबे. काय बिनसलं ते सांगत नसे. ती शोधत राही: भातात मीठ जास्त झालं का, त्याच्या आईला फोन करायचा राहिला का, आपण कोणासमोर हसलो का. आठवडे जात. तो तिच्या हातचं जेवे, तिच्या शेजारी झोपे, आणि तिच्या अंगावरून नजर अशी फिरवी, जशी कपाटावरून फिरते. मग एक दिवस तो सहज म्हणे, "चहा कर गं," आणि तिला रडू फुटे, कृतज्ञतेने. त्या रडण्याची तिला पुढे जितकी शिसारी आली तितकी दुसऱ्या कशाची आली नाही.

आणि ती बाल्कनी. हिवाळ्यातला शुक्रवार होता, दुपारची जेवणं झाली होती. ती कपडे काढायला बाल्कनीत गेली आणि मागे कडी लागल्याचा आवाज आला. काचेतून तो दिसत होता. त्याने कॅसेट लावली, खुर्चीत बसला, पेपर उघडला. ती काचेवर टकटक करायला गेली आणि थांबली, कारण समोरच्या इमारतीत मादाम सौसन कपडे वाळत घालत होती आणि हात हलवत होती. "काय वदीदा, ऊन खातेस?" असं ती ओरडली. आणि वदीदा हसून म्हणाली, "हो ना, आज छान पडलंय. देवाची कृपा!" ती असं म्हणाली, आणि आतून रुश्दीने पेपरावरून वर पाहिलं. त्याने ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक प्रकारचं समाधान होतं, हिशेब जुळल्यावर असतं तसं. ऊन गेलं. मादाम सौसन आत गेली. ओले कपडे छातीशी धरून वदीदा उभी राहिली, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला निघताना त्याने कडी काढली, काहीही न बोलता, जशी ती रोजच काढायची असते.

त्यानंतर कधीतरी एक पिशवी घेऊन ती चार दिवसांसाठी म्हणून आईकडे आली, त्याला सोळा वर्षं होत आली होती. आईने विचारलं होतं, "मारलं का त्याने?" नाही. "दुसरी आहे?" नाही. "मग काय झालं, बाळ?" पाण्यात शिसं किती ते ती सांगू शकत होती, क्लोरीन किती उरलं ते सांगू शकत होती. या गोष्टीला मोजमाप नव्हतं. "ऊन खाताना दार लागलं," असं सांगायचं? त्यांच्या चर्चमध्ये एवढ्यासाठी लग्न मोडत नाही, आणि तिने मोडायचं नावही काढलं नाही. लोक म्हणत, वदीदा हट्टी आहे. रुश्दीबद्दल म्हणत, बिचारा अजून वाट बघतोय. तो दर ईस्टरला शौकीदादाकडे, तिच्या भावाकडे, बदामाची मिठाई पाठवत असे. वर्षानुवर्षं ती दोघांच्या मधल्या त्या न सांगितलेल्या जागेत राहिली, आणि तिथे राहायची तिला सवय झाली.

गेल्या शरदात रुश्दीला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्याची थोरली बहीण त्याला सांभाळत होती, पण तिचीच पाठ आता सरळ होत नव्हती. शौकीदादा वदीदाला तिथे घेऊन गेला. रुश्दी खिडकीशी बसला होता, मनगटावरचा गोंदलेला क्रूस मांडीवर निर्जीव पडलेला. त्याला पाणी मागता येत नव्हतं. 'पा' म्हणायला जाई आणि तोंड वाकडं होऊन भलताच आवाज निघे, आणि डोळ्यांत पाणी येई. मग बहिणीने गुडघ्यावर ताल धरला आणि एका स्तोत्राची पहिली ओळ धरली, आणि तो गायला लागला. शब्द स्वच्छ. सूर जागच्या जागी. शौकीदादा ढसाढसा रडला. "बघ, देवाने त्याला तेवढं ठेवलं!" वदीदाला माहीत होतं की बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या बाजूंना असतं, यात नवल काही नाही, पण ती एक पाऊल मागे सरली ती त्यामुळे नव्हे. गाताना रुश्दी तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी होती की आणखी काही, ते तिला ओळखता येईना. सोळा वर्षांपूर्वीही कधी आलं नव्हतं. तो आता कायमचा गप्प झाला होता आणि या वेळी त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्याला आणलं तर आईच्या घरात ती पुन्हा त्याच्या गप्प चेहऱ्यासमोर उभी राहून शोधत बसणार: मीठ जास्त झालं का, उशी टोचते का, माझं काय चुकलं.

बायकोनेच आता त्याला आपल्याकडे आणून सांभाळावं, असं शौकीदादा परतीच्या वाटेवर म्हणाला, आणि तिने तेव्हाही हो किंवा नाही म्हटलं नाही. मग मार्सेलनेच वेदीवरच्या चिठ्ठ्यांचं काढलं. वस्तीतल्या चर्चचे पाद्री अबूना सर्गियूस आधी कुरकुरले. "अगं, अशाने आपण धर्मगुरू निवडतो, जावई नाही," ते म्हणाले. पण मार्सेल ऐकेना, आणि त्यांनी मानलं. तीन चिठ्ठ्या: एकीवर 'हो', एकीवर 'नाही', आणि तिसरी कोरी, म्हणजे देवाचं अजून काही सांगणं नाही. त्या वेदीवरच्या कापडाखाली ठेवल्या, त्यांच्यावर उपासना झाल्या, आणि अबूनांनी डोळे मिटून एक उचलली. कोरी. वदीदाचे खांदे खाली आले. मार्सेलने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "नाही म्हणाला नाही! बघितलंस? थांब म्हणाला." अबूना म्हणाले, "संयम ठेव, मुली." शौकीदादा म्हणाला, "मग उन्हाळ्याआधी करू." त्या कोऱ्या चिठ्ठीवर प्रत्येकाने काही ना काही लिहिलं, आणि ईस्टरआधीच्या उपासाचे आठवडे सरत गेले तसं ते सगळ्यांचं मिळून 'हो' झालं. आता ते 'हो' प्लास्टिकमध्ये गुंडाळून आईच्या खोलीत उभं होतं.

रविवारी उपासनेनंतर तिने मसूर चुलीवर ठेवला आणि मुद्रण पुन्हा लावलं. दुपारी अबूना घरी यायचे होते, शौकीदादा आणि मार्सेलही. चमचा थांबल्यानंतरची खरखर संपली आणि हिल्मी एका फार जुन्या हस्तलिखिताबद्दल बोलू लागला. त्यात आठव्या वचनानंतर नकलाकाराने पुढचा अख्खा रकाना कोरा सोडला आहे. एरवी तो असं चर्मपत्र वाया घालवत नाही.

"म्हणजे त्याला माहीत होतं की पुढे काहीतरी आहे!" हिल्मी म्हणाला.

"किंवा नाही हे माहीत होतं," बाबा म्हणाले.

"तुम्ही दोघंही पुरुषांसारखे बोलताय," डॉक्टर अफाफ म्हणाली. "त्या बायका काय सांगणार होत्या आणि कोणाला? दारं लावून बसलेल्या शिष्यांना, बाप्यांना? पहिला प्रश्न आला असता, पुरावा काय. दुसरा आला असता, तुला बरं नाहीये का."

बाबा हसले आणि खोकल्यात सापडले. "अफाफ, तू मला नरकात पाठवशील."

"तुम्ही पुढे व्हा बाबा, माझी जागा धरून ठेवा."

खोकला शमेपर्यंत मुद्रणात बराच वेळ गेला. मग बाबा हळू म्हणाले, "पण बोलली असणार कोणीतरी. आज नाही, उद्या नाही. पण कधीतरी, कुठल्या तरी स्वयंपाकघरात. नाहीतर मार्कला कळलं कुठून?"

वदीदाने चूल बारीक केली. प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात कोऱ्या नमुन्याने होते. शुद्ध पाणी घ्यायचं, रसायनं नेहमीसारखी घालायची, सगळ्या पायऱ्या करायच्या. फक्त ज्याचा शोध घ्यायचा ती गोष्ट त्यात नसते. तरी थोडा रंग येतोच. तो पाण्याचा नसतो; आपल्या भांड्यांचा, आपल्या बोटांचा असतो. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी सांगत असे, कोऱ्यात जे दिसतं ते आपलं. ते आधी वजा करा, मग बोला. चिठ्ठी कोरी निघाली तेव्हा मार्सेलने तिच्यात स्वतःचा चांगुलपणा पाहिला होता. अबूनांनी संयम पाहिला. आणि वदीदाला हायसं वाटलं होतं. चुलीशी उभी असताना त्या हायसं वाटण्याचा रंग तिला प्रथमच नीट दिसला. तो तिचा होता, बाल्कनीतल्या त्या शुक्रवारचा होता: 'छान पडलंय ऊन.' देवाने थांब म्हटलं नव्हतं. देवाने काहीच म्हटलं नव्हतं. ही भीती वजा केली तर काय उरतं ते बघायला ती इतकी वर्षं धजली नव्हती, आणि आता बघितलं तर उरलेली गोष्ट फार लहान होती, जुनी होती आणि मुळीच हलत नव्हती.

अबूना आले. सगळ्यांनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. त्यांनी घरभर प्रार्थना म्हटली, आईच्या खोलीत पलंगावरही पाणी शिंपडलं. थेंब प्लास्टिकवर गोल होऊन राहिले. मग सगळे बैठकीत बसले. वदीदाने बिनदुधाचा चहा आणला आणि उपासाची बिस्किटं, लोणी न घातलेली.

"ही बिस्किटं मार्सेलची ना?" अबूना म्हणाले. "दात शाबूत आहेत तोवर खाऊन घेतो."

"खा खा अबूना. स्वर्गात मऊ मिळतील," मार्सेल म्हणाली.

शौकीदादा घसा साफ करून म्हणाला, "वदीदा, चर्चच्या आश्रमातल्या धर्मभगिनी रुश्दीला ठेवून घ्यायला तयार आहेत. पण बायको जिवंत असताना नवरा आश्रमात? लोक मला तोंडावर विचारतात. मी काय सांगू?"

"तिच्यावर दडपण नको आणूस," अबूना म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे अगदी मायेने पाहिलं. "मुली, तुझा चेहरा उतरलाय. एवढी घाई कशाला? झावळ्यांचा रविवार जाऊ दे. ईस्टरही जाऊ दे. त्यानंतरच्या पन्नास दिवसांच्या आनंदात बसू पुन्हा, मग बघू. काय?"

शौकीदादाने मोठा श्वास सोडला. मार्सेलने मान हलवली, हो, तेही चालेल, पलंग काही नासत नाही. खोलीतलं सगळं सैल झालं. वदीदाच्या हातांत चहाचा ट्रे होता आणि तिच्या जिभेवर 'बरं' हा शब्द तयार होता. तो नेहमीच तयार असे, गुळगुळीत, गार. तो म्हटला की सगळे उठतील, हात जोडतील, जिना उतरतील, आणि संध्याकाळ होईल. तिने ट्रे टेबलावर ठेवला. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवावेत तिला कळेना, म्हणून तिने ते तसेच खाली सोडले.

"अबूना, नंतर नको," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला. "नंतरही मी हेच म्हणेन."

"काय म्हणशील?" शौकीदादाने विचारलं.

"मी त्याला भ्यायले होते, दादा. मारत नव्हता, तरी भ्यायले होते. ते मी तुम्हाला सांगेन, तुम्हाला ऐकायचं असेल तर, आणि पटलं नाही तरी चालेल. तो माझ्या कोंडीत राहणार नाही आणि मी त्याच्या कोंडीत राहणार नाही. आश्रमात मी दर आठवड्याला जाईन, त्याला जेवायला घालीन." मार्सेल काही बोलायला गेली. वदीदाने तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. "पण रुश्दी या घरात येणार नाही, वहिनी. आजारी आहे तोवर नाही, आणि बरा झाला तरी नाही."